हात धुतले, पण पुसले कशाला?

पावसाळ्यात मुळशी धरण आणि ताम्हिणी घाटाकडे निघालेली मंडळी पुणे-पौड रस्त्यावर भुकूमच्या आसपास चहा-नाश्त्याला थांबतात. या मार्गावर खानावळ, बेकरी किंवा मटणाचे दुकान चालवणाऱ्या बांधवांना आमचा एक साधा सवाल आहे. बेसिनपाशी साबण आहे, नळाला पाणी आहे. पण हात पुसायला काय आहे?

पुष्कळ ठिकाणी खिळ्याला एकच पंचा टांगलेला असतो. सकाळपासून पन्नास जण त्याला हात पुसतात. भुकूमच्या पावसात तो दिवसभर वाळत नाही आणि ओलसर कापडात जंतू टिकतात, वाढतात. म्हणजे धुतलेला हात पुन्हा मळतो. हात ओलाच ठेवणे हाही उपाय नव्हे. कोरड्या हातापेक्षा ओल्या हातावरून जंतू कितीतरी अधिक पसरतात, हे न्यूझीलंडमधील संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले.

मग गरम हवेचे यंत्र घ्यावे काय? दोन किलोवॅटचे यंत्र तीस सेकंद चालले, तर साठ जणांचे हात एका युनिटात वाळतात. खर्च फार नाही. पण घाईचे गिऱ्हाईक अर्धवट ओल्या हातांनीच निघून जाते. शिवाय यंत्र शौचालयातलीच हवा ओढते. त्या हवेतले जंतू हातावर बसू शकतात, असे अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या अभ्यासात 2018 साली आढळले. बारीक गाळणी बसवल्यावर ते पुष्कळ कमी झाले. तेव्हा यंत्र घ्यायचेच, तर गाळणीचे घ्यावे आणि शौचालयाच्या दारापासून दूर बसवावे.

जोराच्या झोताची यंत्रे हात लवकर वाळवतात, पण थेंबही उडवतात. इंग्लंडमधील लीड्सच्या संशोधकांना 2014 साली अशा यंत्राजवळच्या हवेत कागदी रुमालाच्या तुलनेत 27 पट जंतू आढळले. मात्र प्रयोगात हात मुद्दाम जंतूंनी माखलेले होते आणि खर्च टिश्यू कागद उत्पादकांच्या संघटनेने दिला होता, हेही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेला कागदी रुमाल आणि गरम हवा, दोन्ही चालतात. हात पूर्ण कोरडे झाले पाहिजेत, एवढेच.

आमच्या मते लहान धंद्याला स्वस्त मार्ग आहे. शिंप्याकडच्या सुती कातरणीचे वीतभर रुमाल शिवून घ्यावेत. धुतलेले एका टोपलीत, वापरलेले झाकणाच्या डब्यात. एक रुमाल एकदाच वापरायचा. रात्री गरम पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा. पावसाळ्यात वाळण्याची अडचण होईल, तेवढे महिने कागदी रुमाल ठेवावेत. शिंप्यालाही यातून चार पैसे मिळतील.

अन्नधंद्याच्या 2011 च्या नियमांत हात धुण्याबरोबर वाळवण्याचीही सोय सांगितली आहे. पण तपासनीस येईपर्यंत थांबू नये. खिळ्यावरचा पंचा आजच काढावा.