अर्थिंग नाही, म्हणून नापास?

ब्रिटनमधल्या कितीतरी जुन्या घरांत दिव्यांच्या सर्किटला अर्थिंगची तारच नसते. १९६६ पर्यंत तिथल्या वायरिंगच्या नियमांत ती प्रत्येक दिव्यापर्यंत नेण्याची अट नव्हती. आज इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराचे वायरिंग निदान पाच वर्षांतून एकदा तपासून घेणे घरमालकाला बंधनकारक आहे. अशा तपासणीत मीटरने अर्थिंग मोजले की हे सर्किट सपशेल नापास होते. पण या नापासाचे वजन किती, ते अहवालातला शेरा ठरवतो. सी-१ म्हणजे धोका समोर उभा आहे, सी-२ म्हणजे तो उद्भवू शकतो, सी-३ म्हणजे सुधारणा केलेली बरी. सी-२ पडला की अहवाल असमाधानकारक ठरतो आणि २८ दिवसांच्या आत दुरुस्ती करावी लागते. सी-३ला ती सक्ती नाही.

हा शेरा मीटरच्या आकड्यावरून नव्हे, तर माणसाचा हात कुठे लागू शकतो यावरून द्यायला हवा. छताला पितळी झुंबर आहे आणि आतली फेजची तार सुटून त्याला टेकली, तर अर्थिंगअभावी फ्यूज उडत नाही; झुंबर २३० व्होल्टवर तसेच लटकत राहते. पुसायला हात लावणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. इथे सी-२ हवाच. त्याच सर्किटवर सगळे होल्डर आणि स्विच प्लास्टिकचे असतील, दिव्यांवर दुहेरी इन्सुलेशनची चौकोनात चौकोन ही खूण असेल, तर फेज येऊन बसेल असा उघडा धातूच उरत नाही. तिथे सी-३ पुरे. ब्रिटनमधली प्रचलित मार्गदर्शिकाही तेच सांगते. मात्र स्विचचे स्क्रू पाहायला विसरू नये. पट्टी प्लास्टिकची असली तरी लोखंडी स्क्रू भिंतीतल्या धातूच्या डब्यात बसलेले असतात आणि त्यांची डोकी बोटाला लागतात.

कोणी म्हणेल, ३० मिलिअँपिअरची आरसीडी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारे उपकरण) बसवली की झुंबरही चालेल. आरसीडी हवीच, पण अर्थिंग नसलेल्या झुंबरात ती बहुधा कोणाला झटका बसू लागल्यावरच पडते; अर्थिंग असते तर दोष उद्भवताक्षणीच पडली असती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आज प्लास्टिकचा दिवा आहे, उद्या भाडेकरू स्टीलचा लावेल. खरे आहे, आणि म्हणूनच फ्यूजबोर्डापाशी धातूचा दिवा लावू नये अशी ठळक सूचना चिकटवावी लागते. पण उद्याच्या भीतीपोटी सरसकट सी-२ ठोकणारा तपासनीस स्वतःची कातडी वाचवतो, आणि खरोखर धोक्याचे झुंबर त्या गर्दीत हरवते. शेऱ्याखाली कोणता धातू, कुठे, हे त्याने लिहिलेच पाहिजे.

लंडन-मँचेस्टरला भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा अहवाल घरमालकाकडून मागून घ्यावा, तो त्यांचा हक्क आहे. आणि दिवा बदलण्याआधी बोर्डावरची सूचना वाचावी.