औंधच्या भिंतीवर वऱ्हाडातल्या दोघी

यमाईचा डोंगर निम्मा चढून होतो न होतो तोच काकाजी थांबतात. "हेच का म्युझियम? देवीच्या आधी?" हो, आधीच. मूळपीठ वर माथ्यावर आहे, श्रीभवानी चित्रसंग्रहालय वाटेतच.

आम्ही वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटचे. काकाजींची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जंभेरीच्या खुंटावर डोळे बांधण्यात हयात गेलेली. आत शिरताच मी चित्रांकडे वळतो आणि ते थेट हस्तिदंती कोरीवकामाच्या कपाटाशी जातात. चष्मा कपाळावर, नाक काचेला. "कायनं कोरलं असन बाप्पा हे? आपल्या चाकूनं तं साल बी इतकी बारीक निंघत नाई." काकू हाका मारतात, पण ते हलत नाहीत.

हे दालन वाड्यातली अडगळ ठेवायला बांधलेलं नाही. औंध संस्थान अवघ्या 72 गावांचं, त्यातली कितीतरी माणदेशातली, पावसाची वाट बघणारी. राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक. रामायण त्यांनी स्वतःच्या कुंचल्याने रंगवलं, भांडारकर संस्थेच्या महाभारताला लाखाची देणगी दिली. जमवलेल्या कलेसाठी 1938 साली, सत्तरीला टेकले असताना, त्यांनी ही इमारत उभी केली. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती सोपवला. आधी चित्रांची सोय, मग सत्तेचा त्याग. हा क्रम मला फार आवडतो.

आमच्या विदर्भात असं दालन का नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीने नागपूर खालसा केलं आणि हत्ती-घोड्यांपासून जडजवाहिरापर्यंत सगळं लिलावात गेलं. मांडायला उरणार काय?

काकू मात्र रविवर्म्याच्या दमयंतीपुढे उभ्या आहेत. "हे तं आपल्या विदर्भाची लेक व्हय! इतक्या दूर कायले आणून ठेवली?" दमयंतीचं माहेर कुंडिनपूर म्हणजे वर्धेकाठचं आपलं कौंडण्यपूर, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नाही. इथे सैरंध्रीही आहे: विराटाघरी दासी झालेली, कीचकाच्या नजरेला भ्यालेली द्रौपदी. तिच्याही पुढची गोष्ट काकूंना घरची आहे. भीमाने कीचकाला चिखलदऱ्याच्या दरीत फेकलं आणि भीमकुंडात आंघोळ केली. "घाबरू नको माय," त्या चित्राला सांगतात.

हेन्री मूरची दगडी 'माता आणि बालक' इथे, साताऱ्याच्या या आडगावात, भेटते याचं मला अप्रूप. काकूंना नाही. "नाक-डोये नाई काढले, तरी माय हाये हे समजते," एवढा शेरा मारून त्या पुन्हा सैरंध्रीकडे.

तिथे तोवर वाद पेटलेला. काकाजींनी पहारेकऱ्याला कीचकाचा पत्ता सांगितलाय आणि तो हसतोय.

"अवो पावणं, विराटनगरी म्हंजी आमची वाई. वैराटगड बघितला न्हाई का?"

"वैराट तं आमच्या चिखलदऱ्यापाशी हाये!"

"आन् राजवाडा?"

"राजवाड्याचं सोडा," काकाजी चष्मा नाकावर आणतात. "वाईत मेला, तं आमच्या दरीत काहून पडला, ते सांगा."