अंधेरीत कोसळलेला डोंगर

११ मार्च २०१२, अंधेरीचं क्रीडा संकुल, सुपर फाइट लीग या एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) स्पर्धेची पहिली रात्र. जेम्स थॉम्पसनसमोर बॉब सॅप पहिल्याच फेरीत पाय दुखावून हरला.

दीडशे किलोंच्या आसपासचा सॅप म्हणजे एकाच डावाचा हेवीवेट: अंगावर धावून जायचं आणि सुरुवातीलाच चुराडा करायचा. हे अस्त्र भयंकरच होतं! २००२ मध्ये त्याने किकबॉक्सिंगचा दिग्गज अर्नेस्टो हूस्टला दोनदा हरवलं. पण त्याच वर्षी एमएमएमध्ये ब्राझीलच्या नोगेरा या लढवय्याला त्याने अक्षरशः उचलून आपटलं, तरी नोगेरा टिकला. दुसऱ्या फेरीत दमलेल्या सॅपचा हात त्याने आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, धरला आणि सॅपने हार मानली. एवढ्या देहाला दम पुरत नाही, आणि पाठीवर पडल्यावर वजनाचा फायदाही संपतो.

असा हेवीवेट समजून घ्यायचा असेल, तर नोगेराची ही लढत आधी बघा.