पेट्रोल आहे, तरी गाडी सुरू होईना

रोवणीच्या दिवसांत अर्जुनी मोरगावकडे जुनी कार्बोरेटरची दुचाकी पावसात उभी राहिली, की सकाळी रुसते. आधी पेट्रोलचा कॉक चालू आहे का पाहा. हसू नका, बरेचदा भानगड तिथेच मिटते. मग इंजिन थंड असताना कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल बाटलीत धरा. जवळ पेटलेली बिडी नको. काहीच आलं नाही, तर टाकीचं झाकण उघडा. धार लागली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय; नाही तर बहुतेक कॉकची जाळी तुंबलीय. बाटलीत तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकीत पाणी शिरलंय. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि त्याच्यासकट खाली बसतं. टाकी पूर्ण रिकामी करावीच लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक कार्बोरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शन असतं. चावी फिरवल्यावर फ्यूएल पंपाची बारीक घूं आली नाही, तर आधी फ्यूज तपासा.