कोनाडा आणि मांडणी

बारामती व इंदापूर या तालुक्यांतील खेड्यांत धाब्याची जुनी घरे अजून काही ठिकाणी उभी आहेत. त्यांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या रुंद असतात. अशी भिंत उचलतानाच गवंडी तिच्यात लहान लहान पोकळ्या राखून ठेवी. त्यांनाच आपण कोनाडे म्हणतो. खेड्यांत पुष्कळांच्या तोंडी ‘देवळी’ हा शब्द आढळतो. एका कोनाड्यात दिवा असे आणि त्याच्या काजळीने वरची बाजू काळी होई. दुसऱ्यात पितळेचा मोर, सावंतवाडीचे लाकडी फळ किंवा पोळ्यासाठी केलेला मातीचा बैल, अशी एखादी वस्तू विसावलेली असे. कोनाडा मुळातच लहान. त्यात एक-दोन वस्तूंहून अधिक मावत नसे. शिवाय त्याच्या कडांची आपोआप चौकट होई आणि चौकटीतील चित्राप्रमाणे ती वस्तू उठून दिसे.

विटांच्या बारीक भिंतीत असा कोनाडा बसत नाही. म्हणून आता घरोघर लांब फळ्या किंवा काचेची कपाटे दिसतात. स्वयंपाकघरात तांब्यापितळेची भांडी ज्या फळ्यांवर ओळीने लावीत, तिला ‘मांडणी’ म्हणत. वस्तू लावण्याच्या कृतीलाही आपण मांडणीच म्हणतो. आपल्या भाषेने दोहोंना एकच नाव दिले, ते किती योग्य! पण फळी लांब असली की ती भरून टाकण्याचा मोह होतो आणि मग त्या गर्दीत एकही वस्तू नीट दिसत नाही.

मुलांनो, एक प्रयोग करून पाहा. फळीवरील सर्व वस्तू खाली काढा. त्यांतील तीनच निवडून पुन्हा ठेवा. उंच वस्तू मागे, ठेंगणी पुढे, आणि मध्ये ओंजळभर जागा मोकळी. काळसर पितळेमागे पांढरी भिंत असावी. मातीची व काचेची वस्तू फळीच्या काठापासून दूर असावी. लाखेच्या रंगाच्या खेळण्यांवर ऊन येऊ देऊ नये, कारण उन्हाने रंग विटतो. ती कोरड्या फडक्याने पुसावी. पितळ चिंचेने लख्ख होते खरे, परंतु वारंवार घासल्याने बारीक नक्षी झिजते. उरलेल्या वस्तू पेटीत ठेवून काही महिन्यांनी पाळीपाळीने बाहेर काढाव्यात.

मोठ्या संग्रहालयांतही हीच रीत असते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, भांडी, कोरीव दरवाजे! लोक ज्या वस्तू मोडीत घालीत, त्यांसाठी हा गृहस्थ गावोगाव हिंडला. त्यांचा मुलगा राजा बालपणीच वारला. त्याचेच नाव त्यांनी संग्रहाला दिले. पुढे १९७५ साली हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यांपैकी मांडलेल्या मात्र अडीच हजारांच्या आसपास. तेथील एकेक अडकित्ता पाहावा. कोणी घोडा, कोणी मोर! सुपारी कातरण्याच्या साधनावर कारागिराने एवढे कष्ट का घेतले असतील, असा प्रश्न मनात येतो.

आता पुन्हा इंदापूरकडे वळू. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव आणि भीमाकाठची आणखी कित्येक गावे बुडाली. पाणी फारच खाली गेले, म्हणजे पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते. घर सोडताना माणसांना दारे काढून नेता येतात, तुळया काढता येतात. पण कोनाडा उचलून नेता येत नाही. त्यातील चिमुकली वस्तू तेवढी गाठोड्यातून नव्या घरी येऊ शकते. पण ती कोणाची, कोठली, हे सांगणारे आजीआजोबा गेले, की तिची किंमत मोडीच्या दुकानात वजनावर ठरते.

तेव्हा आपल्या घरातील अशा वस्तूंविषयी आजच घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. ती कोठून आली, कोणी आणली, कोणत्या साली, एवढे एका लहानशा कागदावर लिहावे. कागद वस्तूला चिकटवू नये, डिंकाने रंग निघतो. तो दुमडून तिच्या खाली ठेवावा.