१२८ खोल्यांची चाळ

अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, असे आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. दगडावर कोरलेले अक्षर टिकते, ताम्रपटावरचे टिकते; बोरूने लिहिलेली पोथीदेखील वाळवीच्या तावडीतून सुटली तर दोन-तीनशे वर्षे सहज वाचता येते. परंतु अवघ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर उतरवलेले मराठी आज वाचता येत नाही, असा अनुभव हल्ली पुष्कळ घरांतून येऊ लागला आहे. तबकडी शाबूत असते, मजकूरही शाबूत असतो. पण पडद्यावर उमटतो तो रोमन अक्षरांचा आणि चित्रविचित्र चिन्हांचा काला. हे असे का व्हावे आणि त्यावर इलाज काय, हे या लेखात सांगायचे आहे. विषय यंत्राचा आहे म्हणून वाचकांनी बिचकू नये. चाळीतल्या खोलीचा पत्ता ज्याला शोधता येतो, त्याला हे सारे समजेल.

नावाचा झाला आकडा

आमचे वारणानगर तात्यासाहेब कोरे यांच्या सहकाराने नावारूपाला आले. साखर आणि दूध ही त्याची सर्वांना ठाऊक असलेली ओळख. पण १९९८ साली याच परिसरात आणखी एक प्रयोग सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडायची आणि ऊसउत्पादकाला आपल्या उसाचे वजन, आपला हिशेब गावातच पाहायला मिळावा, अशी ती योजना होती. माहिती शेतकऱ्याच्या भाषेत असावी, हा तिच्यामागचा एक हेतू.

आता गंमत पाहा. शेतकऱ्याचे नाव यंत्रात जायचे, तर ते अक्षरांच्या रूपाने जातच नाही. यंत्राला आकड्यांपलीकडे काही कळत नाही. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि यंत्र तेवढा क्रमांक जपून ठेवते. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ नावाचे कोष्टक ठरले. त्यात इंग्रजीची अक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून १२८ जागा होत्या. इंग्रजीतल्या मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण तयार झाले आणि १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एकाच माळेत ओवणारे ‘युनिकोड’ अवतरले. त्यात देवनागरीला सलग १२८ जागा मिळाल्या, त्या २३०४ पासून २४३१ पर्यंत. अ चा क्रमांक २३०९, क चा २३२५, आणि ज्याच्याशिवाय मराठी माणसाचे पान हलत नाही, त्या ळ चा २३५५.

पेठ, गल्ली, चाळ, खोली

क्रमांक मिळाला म्हणजे काम झाले असे नव्हे. यंत्राला त्या क्रमांकाविषयी शेकडो प्रश्न पडतात. हे अक्षर आहे की विरामचिन्ह? याला मोठे आणि छोटे रूप आहे काय? हे शेजारच्या अक्षराला जोडायचे की वेगळे ठेवायचे? अशा प्रत्येक प्रश्नासाठी एकेक तक्ता लागतो. तक्त्याला क्रमांक सांगायचा आणि त्याने त्या जागी लिहिलेले उत्तर द्यायचे. मोबदला-दर पाहण्यासाठी दुकानदार जसा तयार गणिताच्या पुस्तकात बोट फिरवतो, तसाच हा प्रकार.

असे तक्ते कसे बांधतात, ते पाहण्यासाठी ‘लिस्प’ या भाषेकडे वळू. ही भाषा अमेरिकन गणितज्ञ जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली रचली, म्हणजे संगणकाच्या जगात ती आजीबाईच. तिच्या एका बोलीवर ‘ईमॅक्स’ नावाचे लेखन-संपादनाचे साधन चालते आणि ते आजही वापरात आहे. त्या बोलीत प्रश्नचिन्ह लिहून त्यापुढे ळ लिहिला, की यंत्र मुकाट्याने उत्तर देते : २३५५.

ईमॅक्सच्या अक्षरतक्त्यात एकूण ४१,९४,३०४ क्रमांकांची सोय आहे. एवढ्या खोल्या एका ओळीत बांधायच्या म्हटले, तर प्रत्येक प्रश्नासाठी एकेक शहरच वसवावे लागेल. म्हणून कारागिरांनी युक्ती केली. शहराच्या ६४ पेठा पाडल्या. प्रत्येक पेठेत १६ गल्ल्या, प्रत्येक गल्लीत ३२ चाळी आणि प्रत्येक चाळीत १२८ खोल्या. गुणाकार करून पाहावा, हिशेब बरोबर जुळतो. ळ चा पत्ता विचाराल तर पहिली पेठ, पहिली गल्ली, एकोणिसावी चाळ. आणि खोल्यांचे क्रमांक शून्यापासून धरले तर खोली नंबर ५१. मौज अशी की, ती एकोणिसावी चाळ अथपासून इतिपर्यंत देवनागरीची आहे. एकही परका भाडेकरू तिच्यात नाही!

या रचनेत काटकसर मोठी आहे. एखाद्या सबंध चाळीचे किंवा गल्लीचे उत्तर एकच असेल, तर खोल्या बांधायच्याच नाहीत; दारावर एक पाटी लावली की झाले. चिनी चित्राक्षरे वीस हजारांहून अधिक आहेत, पण ‘हे अक्षर की विरामचिन्ह?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर सारखेच. तिथे पाट्या पुरतात. दुसरी सोय आपल्या एकत्र कुटुंबासारखी आहे. धाकट्या तक्त्याच्या खोलीत उत्तर नसेल, तर तो थोरल्या तक्त्याकडे विचारणा करतो. त्यामुळे मराठीसाठी वेगळा तक्ता करायचा, तर सारे नव्याने लिहावे लागत नाही. जिथे आपली रीत निराळी, तेवढेच लिहायचे; बाकीचे थोरल्या घरून येते.

तिसरी गोष्ट लिस्पच्या स्वभावातली. तिच्यात माहिती आणि कृती एकाच घडणीच्या असतात, म्हणून खोलीत नुसते उत्तरच नव्हे, तर नियमही ठेवता येतो. आपल्या जोडाक्षरांना हे फार मानवते. क, हलन्त आणि ष एकापुढे एक आले तर क्ष कसा काढायचा, याचा नियम अशाच एका तक्त्यातून हाती लागतो. या साधनाला जगातील भाषा शिकवण्याचे मोठे काम जपानमधील केनइची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, आणि भारतीय लिप्यांसाठी ताइची कावाबाता या जपानी गृहस्थांनी बरेच कष्ट घेतले. आपल्या चाळीतल्या खोल्या सारवून देण्याचे काम अशा रीतीने तोक्योकडच्या मंडळींनी केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. थोडे विचारात पाडणारेही आहे.

माळी आधी की मावळे?

कारण परक्याने कितीही आस्थेने तक्ता भरला, तरी घरच्या खाचाखोचा घरच्यालाच ठाऊक असतात. ळ चेच घ्या. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. आपल्या शब्दकोशांचा क्रमही तसाच. पण सर्व भारतीय लिप्यांसाठी एक सामाईक आराखडा ठरवताना ळ ला ल च्या शेजारी बसवले गेले. त्यामुळे नुसत्या क्रमांकांवर विसंबून यादी लावली, तर माने, माळी, मावळे असा क्रम लागतो. शाळेत वर्णमाला घोकलेला माणूस म्हणेल, माने, मावळे, माळी. यंत्राची यात काही चूक नाही. ‘मराठीपुरता ळ ह नंतर धरावा’ एवढी एक ओळ धाकट्या तक्त्यात कोणी लिहून ठेवली, तर ते निमूटपणे ऐकते. न लिहिली, तर थोरल्या घरचे उत्तर देते.

तीच कथा दर्या आणि दऱ्या यांची. एक समुद्र, दुसऱ्या पन्हाळ्याभोवतीच्या. या दुसऱ्या शब्दातल्या र साठी २३५३ ही खोली कामी येते. आणि ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतःची खोली मिळाली ती २००८ साली, क्रमांक २४१८. तोवर आपण अ वर चंद्र ठेवून भागवत होतो. आजही जुन्या मजकुरात तसा ॲ असतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण क्रमांक वेगळे. म्हणून शोधायला गेले की एक सापडतो आणि दुसरा हुलकावणी देतो.

जात्यावरची दोन वह्या

आता सुरुवातीच्या काल्याकडे येऊ. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी छपाईसाठी जे फॉन्ट निघाले, त्यांनी एक वेगळीच तोड काढली होती. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार. २५६ खोल्यांत सारा संसार. मजकुरात साठवला जायचा इंग्रजी अक्षराचा क्रमांक. त्या फॉन्टचा चष्मा लावला की तिथे मराठी दिसायचे. शिवाय प्रत्येक कारखान्याच्या फॉन्टची मांडणी निराळी. चष्मा हरवला की मराठी हरवली.

आमच्या भागातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी वारणाकाठच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करून दोन वह्या भरल्या होत्या. पुढे त्या एका दुकानात टंकून घेतल्या. वह्या पावसाळ्यात भिजून गेल्या, गुरुजी वारले, दुकान बंद पडले. त्यांच्या लेकीने माझ्याकडे आणली ती तबकडी आणि त्यातल्या मजकुराचे जपून ठेवलेले एकुलते एक छापील पान. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक बायका आता हयात नाहीत. म्हणजे तबकडी वाचली नाही, तर त्या ओव्या दुसऱ्यांदा मिळण्याची आशा नव्हती.

संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने लिस्पमध्ये रिकामा तक्ता मांडला आणि आम्ही दोघे दिवाळीच्या सुट्टीत तो भरायला बसलो. छापील पान एका हाताला, काला दुसऱ्या हाताला. या क्रमांकाच्या जागी पानावर काय दिसते, ते पाहायचे आणि त्या खोलीत लिहायचे. पण नुसत्या तक्त्याने निभेना. जुने फॉन्ट अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठेवत. म्हणजे ‘किती’ लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने ठेवते. क आधी, वेलांटी नंतर. ‘धर्म’ मधला रफार जुन्या रीतीत शेवटी बसतो, तर नव्या रीतीत म च्या आधी. म्हणून तक्ता लावून झाल्यावर या मंडळींची अदलाबदल करणारे नियमही लिहावे लागले.

काही खोल्या तरीही रिकाम्या राहिल्या, कारण ती चिन्हे छापील पानावर नव्हतीच. एका ओळीत पंढरीचे नाव आणि लगेच पुढे इ, एक अनोळखी चिन्ह आणि ल. विद्यार्थी त्या चिन्हाचा क्रमांक पुन्हा पुन्हा तपासत होता. गुरुजींची लेक चहा घेऊन आली, तिने पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो सर, इठ्ठल की!” ठ्ठ ची खोली भरली आणि तिच्याबरोबर कितीतरी ओळी उजळल्या.

त्या विद्यार्थ्याने सहज विचारले, “सर, इठ्ठलचा विठ्ठल करू का? एका नियमात होईल.” होईल खरे, पण करायचे नाही, असे मी त्याला सांगितले. तक्त्याचे काम जे आहे ते जसेच्या तसे परत देण्याचे. त्या मावशीने दळताना ‘इठ्ठल’ म्हटले आणि गुरुजींनी तसेच लिहिले. त्यावर लाल शाई फिरवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

आपल्या घरी काय करावे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आनंदाचीच गोष्ट. पण सन्मानाने खोल्या भरत नाहीत. अनेक कुटुंबांत १९९० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांतले असे लेखन पडून आहे : आजोबांचे आत्मवृत्त, आईच्या कविता, घराण्याची वंशावळ, मंडळाची स्मरणिका. यंदा दिवाळीची साफसफाई करताना एखादी जुनी तबकडी सापडली, तर ती रद्दीत टाकू नये. प्रथम तिच्यातला मजकूर नव्या यंत्रावर उतरवून घ्यावा. कोणत्या फॉन्टमध्ये टंकले होते, ते नाव कागदावर टिपून ठेवावे. त्या मजकुराचे छापलेले एखादे पान मिळाले, तर ते सोन्यासारखे जपावे. तक्ता भरण्याची किल्ली तीच. प्रचलित फॉन्टसाठी तयार परिवर्तके मिळतात, त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये आणून घ्यावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तो एकदा वाचून घ्यावा.

हे शेवटचे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. यंत्र पुढच्या वर्षीही मिळेल, आजचे परिवर्तकही कदाचित मिळेल. पण इ आणि ल यांच्यामध्ये काय होते, हे सांगणारे माणूस आज घरात आहे, तोवर त्याला विचारून घ्यावे.