भरवशाची मिळकत

चेन्नईहून उत्तरेकडे जाणाऱ्या उपनगरी गाडीने गुम्मिडिपूंडीस उतरल्यावर, सिपकॉट औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांभोवती दाटीने उभ्या राहिलेल्या खोल्यांत, दिवाळीच्या तोंडावर दोन शेजाऱ्यांचा जमाखर्च ऐकावयास मिळाला. त्या महिन्यात दोघांची प्राप्ती जवळपास सारखीच. परंतु एक कायम कामगार, दुसरा कंत्राटी. पहिल्याने बोनस हाती पडण्याच्या कितीतरी आधीच फ्रिजचे हप्ते सुरू केले होते. दुसऱ्याने जादा पाळ्यांचे पैसे, घरातून नव्या भांड्यांचा विषय निघाला असताही, मुकाट्याने चिटफंडात भरले.

अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ साली हेच सांगितले होते, की कुटुंबाचा खर्च चालू प्राप्तीवर नव्हे, तर दीर्घकाळ मिळत राहील अशी जिची खात्री वाटते त्या मिळकतीवर बेतला जातो. आणि कायद्याने किमान ८.३३ टक्के ठरवून दिलेला बोनस, ज्याला तो दरसाल मिळतो त्याच्या लेखी, अवचित लाभ राहतच नाही.

परंतु खात्रीच नसेल तर? या प्रश्नासाठी अर्थशास्त्रज्ञांना आपल्या मुलखाचे दप्तर चाळावे लागले. इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून सोलापूरकडील शिरापूर, अकोल्याकडील कंझरा इत्यादी गावांत प्रत्येकी चाळीस कुटुंबांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या. त्यांवरून रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली दाखविले, की एकेका घराची आमदनी खालीवर झाली तरी त्याचा खर्च बव्हंशी गावाच्या सरासरीबरोबर चालतो. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांना, १९८९ साली, परगावी दिलेल्या लेकींच्या सोयरिकीत या स्थैर्याचा आधार सापडला. रोझेनझ्वाइग व वोल्पिन यांच्या १९९३ च्या निबंधात मात्र बाजारात निघालेले बैल आहेत. बैल विकून ज्या घराने वर्ष काढले, त्याचा खर्च कागदावर स्थिर दिसतो खरा. पण पुढच्या पेरणीची मिळकत त्या स्थैर्यातच खर्ची पडलेली असते, आणि मला तरी या साऱ्या संशोधनातील हीच बाजू सर्वांत विचार करावयास लावणारी वाटते.

सरकारची २०२२-२३ ची उपभोग-खर्च पाहणी एकाच घरी तीन महिन्यांत तीनदा गेली आणि धान्य, सेवा, टिकाऊ वस्तू असे वेगवेगळे विचारून आली. मिळकतीची रक्कम ती विचारीत नाही, आणि ते एका अर्थी शहाणपणाचेच, कारण भरवशाची मिळकत खर्चातच उमटते. पण खर्चामागचा भरवसा जाणावयाचा असेल, तर तीच घरे पाच-दहा वर्षे पाहावी लागतील. तीन महिन्यांच्या भेटींचे ते काम नव्हे.